वाड्यांचे संरक्षण आणि दुरुस्तीचा प्रश्न : पुण्यातील पेठांच्या संदर्भात

ऐतिहासिक वास्तूंच्या संरक्षणाची चर्चा पुण्यात प्रायः शनिवारवाड्यापासून सुरू होते. पहिल्या बाजीरावाने १७३० मध्ये पायाभरणी केलेला आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला हा वाडा १८२८ च्या आगीत आतून जळून गेला. तट, बुरूज, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे अवशेष तेवढे उरले. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असलेले हे स्थळ म्हणजे घर नाहीसे झालेला वाडा होय. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास बंदी आली व त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण आले. परिणामी शनिवारवाड्याभोवतीच्या जुन्या वाड्यांतील रहिवाशांना पुनर्बांधणीचा मार्ग बंद झाला. पूर्वपरवानगी घेऊन दुरुस्ती करण्याची मुभा आहे. पण ती कोणी आणि कशाच्या बळावर करावयाची, याबद्दल कायदा मौन बाळगतो. घर नसलेल्या भिंती जपल्या जातात आणि माणसे राहत असलेली घरे खचत जातात, ही विसंगती केवळ एका कायद्यापुरती नाही. वारसा-संरक्षणाची आपल्याकडील एकूण कल्पनाच बदल रोखण्याभोवती फिरते; वाडा मात्र आजवर टिकला तो सततच्या डागडुजीवर.

वाड्याची बांधणी लक्षात घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. घडीव दगडी जोते, त्यावर सागवानी खांब आणि तुळया, कडीपाट, आणि मधल्या जागी विटा-मातीच्या भिंती अशी ही रचना असते. भार मुख्यतः लाकडी सांगाडा वाहतो. छपराचे एखादे कौल सरकले की पाणी वाशात, वाशातून तुळईत आणि तेथून खांबाच्या माथ्यात मुरते. दरवर्षी मृगापूर्वी कौले चाळण्याची रीत होती ती यासाठीच. चुन्याचा व मातीचा गिलावा ओल बाहेर टाकतो. त्यावर सिमेंट चढवले की ओल आत कोंडते आणि भिंतीतले लाकूड दिसेनासे कुजते. तेव्हा केवळ दर्शनी भिंत, दिंडीदरवाजा आणि चार नक्षीदार महिरपी राखून मागे काँक्रीटची इमारत उभी करणे, याला संरक्षण म्हणणे धाडसाचे आहे. ज्या सांगाड्यामुळे वाडा हा वाडा ठरतो तो यात नष्ट झालेला असतो. चौकाचेही तसेच. ओसरी, पडवी आणि माजघर यांना उजेड व वारा देणारा हा घराचा प्राण. पण चटई क्षेत्र निर्देशांकाच्या गणितात तो विकावयाची राहून गेलेली मोकळी जागा ठरतो.

या घरांची दुरुस्ती थांबली कशी, याचे उत्तर वास्तुशास्त्रात सापडत नाही. ते भाडेनियंत्रणाच्या इतिहासात आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला मिळालेले हे संरक्षण न्याय्यच होते. मात्र अर्धे शतक उलटले तरी ती पातळी हलली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली प्रमाण भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरविल्या. पुढे ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने दरवर्षी ४ टक्के वाढीस परवानगी दिली. मूळ रक्कमच नगण्य असता ४ टक्क्यांनी काय साधणार? याच कायद्यानुसार मालकाने दुरुस्ती न केल्यास भाडेकरू नोटीस देऊन ती स्वतः करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. महिना ५० रुपये भाडे धरले तर ही रक्कम वर्षाला १५० रुपये होते. सागवानी तुळई बदलण्याची गोष्ट दूरच, तेवढ्यात एका गवंड्याची दिवसाची मजुरीही भागत नाही.

मुंबई बेटावरील जुन्या इमारतींसाठी १९६९ मध्ये उपकर व दुरुस्ती मंडळ यांची योजना झाली. तिच्या उणिवा पुष्कळ आहेत. तरीही दुरुस्ती ही सार्वजनिक जबाबदारी आहे, एवढे तत्त्व तिने मान्य केले. पुण्याच्या पेठांना ती योजना लागू नव्हती. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठचे कित्येक वाडे गेले. जे राहिले, त्यांत मालकाला दुरुस्तीतून काही मिळत नाही आणि भाडेकरूला ती परवडत नाही, अशी कोंडी झाली. उलट पडझडीतून मालकाला लाभ होतो. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतीची नोटीस निघाली की जागा रिकामी होण्याची वाट सुकर होते. दर पावसाळ्याच्या तोंडावर अशा नोटिसा निघतात. दुर्लक्ष हीच येथे विकासाची पहिली पायरी ठरते, असे म्हणणे कटू असले तरी अतिशयोक्त नाही.

मराठी साहित्याने या कोंडीकडे पुरेसे पाहिलेले नाही. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) हे या विषयावरील सर्वांत समर्थ नाटक. पण त्यातील वाडा विदर्भातील देशपांडे कुटुंबाच्या मालकीचा आहे आणि त्याचा ऱ्हास वारसदारांच्या नजरेतून दिसतो. भाडेकरूंचे जग पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मध्ये (१९५८) अवतरले, पण ती मुंबईची चाळ. एका चौकाभोवती पाच-सहा बिऱ्हाडे थाटलेला पुण्याचा वाडा, जेथे मालकही अनेकदा त्यांतलेच एक बिऱ्हाड असतो, या दोन्हींच्या मधे निसटला.

वारसा-वास्तूंच्या श्रेणीही या बिऱ्हाडांची दखल घेत नाहीत. १९९५ मध्ये मुंबईत लागू झालेल्या वारसा नियमावलीने तीन श्रेणींची जी पद्धत रूढ केली, तीच थोड्याफार फरकाने पुण्यातही आली. पहिल्या श्रेणीत जवळजवळ काहीच बदलता येत नाही, तिसऱ्या श्रेणीत आतबाहेर पुष्कळ बदलता येते. सामान्य वाडे बहुधा खालच्या श्रेणींत येतात किंवा यादीबाहेर राहतात. यादी वास्तूचे मूल्य ठरविते. कौले कोण चाळणार, हे ठरवीत नाही. १८११ च्या सुमारास पूर्ण झालेला विश्रामबागवाडा टिकण्याचे मोठे कारण त्याचा अखंड वापर हे आहे. तेथे १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली, पुढे नगरपालिकेची कचेरी होती, टपाल कार्यालय होते. प्रत्येक वापरकर्त्याला निदान छप्पर गळू न देण्याची गरज होती.

बुधवार पेठेतील भिडे वाड्याच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये जेथे मुलींची शाळा सुरू केली, त्या वास्तूचे ऐतिहासिक मोल कोणीही नाकारले नव्हते. दीर्घ न्यायालयीन वादानंतर २०२३ च्या अखेरीस जागा महानगरपालिकेच्या ताब्यात आली, आणि डिसेंबरात राष्ट्रीय स्मारकासाठी मोडकळीस आलेला वाडा पाडण्यात आला. स्मारक व्हावे, ही मागणी सर्वथा योग्यच होती. परंतु वाद चालू असलेल्या वर्षांत वास्तूला टेकू देण्याचे, छप्पर झाकण्याचे बंधन कोणावरही नसावे, ही उणीव एका वाड्यापुरती नाही. दाव्याचा निकाल लागेतो वास्तू तगलीच पाहिजे, अशी अंतरिम दुरुस्तीची सक्ती कायद्यात असती, तर निदान स्मारक मूळ वास्तूतच व्हावे का, हा प्रश्न विचारता आला असता.

हस्तांतरणीय विकास हक्कांकडे हल्ली सर्व रोगांवरील औषध म्हणून पाहिले जाते. मालकाला न वापरलेल्या चटई क्षेत्राचा मोबदला मिळावा, हे रास्तच आहे. पण तो मोबदला दुरुस्तीच्या पूर्ततेशी टप्प्याटप्प्याने जोडला गेला पाहिजे, आणि त्यात भाडेकरूचा हिस्सा निश्चित असला पाहिजे. मुख्य अडचण याहून साधी आहे. सांगाडा उतरवून दुरुस्त करावयाचा तर बिऱ्हाडांना वर्ष-दोन वर्षे बाहेर राहावे लागेल. दुरुस्तीसाठी जागा सोडणाऱ्या भाडेकरूला परत येण्याचा हक्क १९९९ च्या कायद्यात आहे. तरीही एकदा उंबरठा ओलांडला की पुन्हा आत येण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागेल, या भीतीने तो गळक्या छपराखालीच राहणे पसंत करतो. आणि मधल्या काळात त्याने कोठे राहावे व त्याचे भाडे कोणी भरावे, यावर वारसा समित्यांकडे उत्तर नसते.