‘स्थिर’ हा शब्द कुठे बसतो? खुर्मी-गुप्तांच्या पुस्तकातलं गव्हर्नरचं प्रकरण

आर. एस. खुर्मी आणि जे. के. गुप्ता यांचं ‘थिअरी ऑफ मशीन्स’ मेकॅनिकलच्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून गेलेलं असतं. जाडजूड, गणितांनी भरलेलं, परीक्षेच्या आदल्या रात्री तारणारं पुस्तक. मी विज्ञान शाखेचा, त्यामुळे माझ्या वाट्याला ते अभ्यासक्रमातून आलं नाही. पीएचडीचं काम फीडबॅकमुळे उठणाऱ्या दोलनांवर आहे, आणि या विषयाचा सगळ्यात जुना लोखंडी नमुना म्हणजे वाफेच्या इंजिनाचा गव्हर्नर. म्हणून हे पुस्तक मिळवलं आणि त्यातलं गव्हर्नरचं अठरावं प्रकरण पहिल्या ओळीपासून शेवटच्या गणितापर्यंत वाचलं. ही पोस्ट त्या प्रकरणाबद्दल आहे. तक्रार मोठी आहे, पण आधी श्रेय.

आधी यंत्र डोळ्यासमोर आणू. इंजिनाच्या शाफ्टला जोडलेला एक उभा दांडा फिरतोय. त्याच्या डोक्यावर बिजागरीने लटकवलेल्या दोन काठ्या, प्रत्येकीच्या टोकाला लोखंडी गोळा. इंजिन जोरात पळालं की गोळे बाहेर फाकतात, दांड्यावरची स्लीव्ह वर सरकते, तिला जोडलेली तरफ वाफेच्या नळीतला थ्रॉटल व्हॉल्व्ह थोडा मिटते. वाफ कमी, इंजिन मंद. वेग पडला की उलट. माणसाचा हात कुठेच नाही.

दिव्यात राहणाऱ्याला वाफेचं इंजिन म्हटलं की रेल्वे आठवणार, म्हणून एक खुलासा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या गाडीच्या इंजिनांवर असले फिरते गोळे नव्हते. रेल्वे इंजिनात वाफ किती सोडायची हे ड्रायव्हर हाताने ठरवायचा. त्याच्या हातातल्या दांड्याला रेग्युलेटर म्हणतात. गव्हर्नरची गरज एका जागी बसून दिवसभर एकाच वेगाने चालायच्या इंजिनाला. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला कापड गिरणीची कंपनी काढली, तिथून पुढे मुंबईत जी गिरण्यांची रांग उभी राहिली, तिथलं हे काम. एका इंजिनाच्या शाफ्टवरून पट्ट्यांनी शेकडो चात्या आणि माग फिरायचे. अर्धे माग बंद पडले तर इंजिनावरचा भार उतरतो, ते उधळतं, आणि उरलेल्यांवरचं सूत तुटतं. सूत तुटणं म्हणजे कामगाराची मजुरी तुटणं. वेग सारखा राहणं ही तिथे शोभेची गोष्ट नव्हती.

आता श्रेय. वॅटच्या साध्या गव्हर्नरचं सूत्र पुस्तकात छान येतं. गोळ्यांच्या पातळीपासून वरच्या छेदनबिंदूपर्यंतची उंची, मीटरमध्ये, म्हणजे ८९५ भागिले मिनिटाच्या फेऱ्यांचा वर्ग. गोळे किती जड आहेत याचा त्यात संबंधच नाही. ६० फेऱ्यांना उंची सुमारे २५ सेंटिमीटर. वेग ६१ झाला तर ती जवळपास ८ मिलिमीटरने कमी होते, एवढ्यात व्हॉल्व्ह हलवता येतो. पण ३०० फेऱ्यांना उंची उरते जेमतेम १ सेंटिमीटर, आणि एक फेरा वाढला तर बदल मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. म्हणजे वॅटचा गव्हर्नर मंद इंजिनांपुरताच. तिथून पोर्टर (मधे जड वजन), प्रोएल, हार्टनेल (स्प्रिंग) हा प्रवास का झाला, हे या एका सूत्रातून आपोआप कळतं. शिकवावं तर असं.

इतिहास मात्र घाईत उरकलाय. फिरत्या गोळ्यांची कल्पना वॅटची नव्हे. इंग्लंडच्या पवनचक्क्यांत जात्याच्या दोन तळ्यांमधलं अंतर सांभाळायला ती आधीच वापरात होती. वॅटचा भागीदार बोल्टन याने १७८८ मध्ये लंडनच्या अल्बियन मिलमध्ये ती पाहून वॅटला कळवली, आणि वॅटने ती वाफेच्या व्हॉल्व्हला जोडली. पेटंटही घेतलं नाही. असो, मेकॅनिकलच्या पुस्तकाकडून इतिहासाची अपेक्षा मी ताणणार नाही.

खरी तक्रार एका शब्दाची आहे. स्थिरता.

पुस्तकात स्थिर गव्हर्नरची व्याख्या अशा अर्थाची आहे: कामाच्या टप्प्यातल्या प्रत्येक वेगाला गोळ्यांची एकच ठरलेली जागा असावी, आणि वेग वाढला तर गोळे बाहेरच जावेत. ठीक. पण ही व्याख्या फक्त गव्हर्नरकडे बघते. त्याला इंजिनापासून सोडवून टेबलावर ठेवलं, मोटरने फिरवलं, तरी ती तपासता येईल. गिरणीच्या मालकाला टेबलावरच्या गव्हर्नरचं काय करायचंय? त्याचा प्रश्न असा की इंजिनाला जोडल्यावर ही जोडी शांत राहते की नाही. आणि पुस्तकाच्या व्याख्येने शंभर टक्के स्थिर असलेला गव्हर्नर जोडल्यावर इंजिन झोके खायला लागू शकतं. वेग वर, खाली, पुन्हा वर, प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा. याला पुस्तक हंटिंग म्हणतं, त्यासाठी एक छोटा परिच्छेद देतं, आणि कारण म्हणून गव्हर्नर फार संवेदनशील आहे एवढं सांगून पुढे जातं. फार म्हणजे किती? कशाच्या तुलनेत? उत्तर नाही.

उत्तर देणं अवघड नाही. भार वेगाप्रमाणे बदलत नाही असं धरू. इंजिनाची बाजू: स्लीव्ह जितकी वर, तितकी वाफ कमी, तितक्या झपाट्याने वेग पडणार, आणि फ्लायव्हील जितकं जड तितकं हे सावकाश होणार. गव्हर्नरची बाजू: गोळ्यांना वस्तुमान आहे, हालचालीला तेलाचं चिकट घर्षण आहे, जागेवर परत ओढणारा एक जोर आहे, आणि वेग त्यांना बाहेर ढकलतो. दोन्ही समीकरणं एकात घातली की तिसऱ्या घाताचं समीकरण मिळतं. त्याचा निकाल शब्दांत असा: घर्षण, परतीचा जोर आणि फ्लायव्हीलचं जडत्व या तिघांचा गुणाकार हा गोळ्यांचं वस्तुमान, गव्हर्नरचा वेगाला प्रतिसाद आणि व्हॉल्व्हचा इंजिनावरचा परिणाम या तिघांच्या गुणाकारापेक्षा मोठा हवा. मोठा असेल तर झोके विरतात. नसेल तर वाढतात.

या एका ओळीत प्रकरणातल्या चार गोष्टींचा हिशेब लागतो, आणि चारही ठिकाणी पुस्तक अपुरं पडतं.

परतीचा जोर धन असणं, एवढीच पुस्तकातली स्थिरता. ती सहा राशींपैकी एक आहे. बाकी पाचांचं काय?

दुसरं घर्षण. प्रकरणात घर्षण येतं ते खलनायक म्हणून. त्याच्यामुळे गव्हर्नर छोटे बदल ओळखत नाही, त्याचा असंवेदनशीलता गुणांक काढा, वगैरे. कोरड्या घर्षणाबद्दल हे खरंच आहे. पण वरच्या गुणाकारात घर्षण शून्य केलं की डावी बाजू शून्य, म्हणजे बाकी काहीही करा, इंजिन झोके खाणारच. जुन्या कारखान्यांत गव्हर्नरला तेलाचा डॅशपॉट जोडत ते याचसाठी. प्रकरणातल्या गणितांत डॅशपॉटला जागाच नाही.

तिसरं, आयसोक्रोनस गव्हर्नर, म्हणजे भार कितीही असो, वेग तोच ठेवणारा. पुस्तक म्हणतं तो व्यवहारात निरुपयोगी, कारण वेग जरा हलला की स्लीव्ह थेट टोकाला जाते. निष्कर्ष बरोबर, कारण अर्धवट. आयसोक्रोनस म्हणजे परतीचा जोर शून्य, म्हणजे पुन्हा डावी बाजू शून्य. कितीही तेल ओता, फ्लायव्हील कितीही जड करा, ही जोडी शांत होणार नाही. हे कळलं की विद्यार्थ्याला दिसतं की भार वाढल्यावर वेग थोडा कमी होऊ देणं ही स्थिरतेची किंमत आहे, कारागिराचा आळस नव्हे.

आणि चौथं, माझ्या मते सगळ्यात महागात पडणारं. फ्लायव्हील सोळाव्या प्रकरणात आहे, गव्हर्नर अठराव्यात. मधे वाफेच्या व्हॉल्व्हचं सतरावं. या दोघांतला फरक लिहा, हा परीक्षेतला नेहमीचा प्रश्न, आणि त्याचं पाठ उत्तर: फ्लायव्हील एका फेऱ्यातले चढउतार सांभाळतं, गव्हर्नर भार बदलल्यावर सरासरी वेग सांभाळतो, एकाचा दुसऱ्याच्या कामाशी संबंध नाही. मार्क मिळतात. पण वरच्या ओळीत फ्लायव्हीलचं जडत्व डावीकडे बसलेलं आहे. हलकं फ्लायव्हील लावा, तोच गव्हर्नर, तेच तेल, आणि काल शांत असलेलं इंजिन आज हंटिंग करेल. संबंध नाही कसा?

हे काही आजचं ज्ञान नव्हे. मॅक्सवेलने १८६८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे गव्हर्नरवरचा निबंध ठेवला, त्यात समीकरणाच्या मुळांवरून झोके विरतील की वाढतील हे ठरवता येतं, हे मांडलं. वेग नेमका मूळ जागी आणणारी यंत्रं आणि नुसता फरक कमी करणारी यंत्रं असा भेदही त्याने केला. त्या भेदाने पाहिलं तर वॅटचा गव्हर्नर दुसऱ्या गटातला. १८७६ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या इव्हान विश्नेग्राद्स्कीने वरची अट नेमकी इंजिनासाठी काढली. (हा गृहस्थ पुढे रशियाचा अर्थमंत्री झाला. इंजिनाचा तोल आधी, तिजोरीचा नंतर.) त्याचा मुद्दा कारखानदारांच्या डोकेदुखीवर बोट ठेवणारा होता: इंजिनं सुधारली तसे गव्हर्नर बिघडले. जड व्हॉल्व्ह हलवायला गोळे मोठे केले, म्हणजे वस्तुमान वाढलं. घडाई सफाईदार झाली, म्हणजे घर्षण घटलं. वेग वाढले, फ्लायव्हीलं हलकी झाली. परतीचा जोरही, वेग अचूक हवा म्हणून, कमी केला. प्रत्येक सुधारणा अटीच्या चुकीच्या बाजूला. जुनी ओबडधोबड इंजिनं शांत होती ती त्यांच्या ओबडधोबडपणामुळे.

पुस्तकाची बाजूही मांडायला हवी. अगदी शेवटी स्वयंचलित नियंत्रणावर एक प्रकरण आहे, आणि त्यात हार्टनेल गव्हर्नरचं ट्रान्सफर फंक्शनसुद्धा काढलंय. म्हणजे हत्यार लेखकांकडे होतं. फक्त ‘हंटिंग का होतं’ या अठराव्या प्रकरणातल्या प्रश्नाशी त्याची गाठ घालून दिलेली नाही. विद्यार्थी शेकडो पानांनंतर तिथे पोचतो, तोवर गोळे विसरलेला असतो.

कुणी म्हणेल, वाफेची गिरणी गेली, आता काय फरक पडतो? दिव्याहून कल्याणची स्लो लोकल पकडा. कोपर, डोंबिवली, मग ठाकुर्ली. ठाकुर्लीला रेल्वेचं चोळा पॉवर हाऊस होतं. जीआयपी रेल्वेने आपल्या विजेच्या गाड्यांसाठी १९२० च्या दशकाच्या शेवटी उभारलेलं, कोळशावर वाफ आणि वाफेवर टर्बाइन. १९८० च्या दशकात ते बंद झालं. घाटाखालच्या चढाला एखादी जड गाडी लागली की भार वाढणार, टर्बाइन मंदावू पाहणार आणि वाफेचा व्हॉल्व्ह उघडायला हवा. हे काम टर्बाइनच्या गव्हर्नरचं. यंत्र बदललं, प्रश्न तोच.

आणि आज आपल्या घरातली वीज त्याच प्रश्नावर चालते. औष्णिक केंद्रातल्या टर्बाइनच्या गव्हर्नरला मुद्दाम उतार ठेवलेला असतो. भारताच्या ग्रिड कोडमध्ये हा ड्रूप ३ ते ६ टक्के सांगितलाय. ५ टक्के धरला तर ५० हर्ट्झवर पूर्ण भाराचा फरक म्हणजे २.५ हर्ट्झ. वारंवारता ०.१ हर्ट्झने पडली की १०० मेगावॉटचं यंत्र आपोआप ४ मेगावॉट जास्त देऊ बघतं. दोन आयसोक्रोनस यंत्रं एका ग्रिडवर जोडली तर ती भार वाटून घेण्याऐवजी एकमेकांशी भांडतील. उतारामुळेच वाटणी होते.

आपल्याकडे हे गव्हर्नर मोकळे सोडायचे की अडवून ठेवायचे यावर वर्षानुवर्षं वाद चालला. वारंवारता इतकी हलते की व्हॉल्व्ह सतत उघडझाप करतील आणि बॉयलरला त्रास होईल, हे वीज केंद्रांचं म्हणणं. नियामकाचं म्हणणं, सगळ्यांनी अडवले म्हणूनच ती इतकी हलते. २०१० च्या ग्रिड कोडने मर्यादित गव्हर्नर मोड असा मधला मार्ग काढला. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारताचं ग्रिड कोसळल्यावर चौकशी समितीने केंद्रांचा हा पहिला प्रतिसाद सुधारा असंही सुचवलं. त्यात आता सौर ऊर्जा वाढतेय. सौर पॅनलला फिरणारं जडत्व नसतं. म्हणजे अटीच्या डाव्या बाजूचं फ्लायव्हील पुन्हा हलकं होतंय. या वादात बसणारे कित्येक इंजिनिअर पुस्तकातलं हेच प्रकरण वाचून आलेले असणार, आणि फ्लायव्हीलचा गव्हर्नरशी संबंध नाही हे त्यांनी एकदा तरी पेपरात लिहिलेलं असणार.

पुढच्या आवृत्तीसाठी माझी मागणी छोटी आहे. प्रकरण बदलू नका. पोर्टर गव्हर्नरच्या सोडवलेल्या गणितांपैकी एक घ्या आणि त्याला दोन आकडे जोडा: फ्लायव्हीलचं जडत्व आणि डॅशपॉटचा गुणांक. मग विचारा, हंटिंग होऊ नये म्हणून तेल किमान किती घट्ट हवं? दहा मार्क.