छत्रीच्या खालची अळंबी

पेण-रोह्याच्या बाजारात पावसाळ्यात आदिवासी बाया अळंबीचे वाटे लावून बसतात. ती ताजी असते, सुरेख दिसते, पण अर्धीच असते. तिचा उरलेला देह रानात, मातीतच मोडून राहिलेला असतो.

ही वारुळाची अळंबी पाहायची तर टोकापासून पाहावी. छत्रीच्या मधोमध गडद, कडक, टोकदार उंचवटा असतो. गिरमिटाच्या पात्यासारखा तो जमीन भेदत वर येतो आणि मगच छत्री उलगडते. खाली दाट, पांढरे पापुद्रे. बीजाणू पिकले की त्यांच्यावर गुलाबी छटा चढते. मला सर्वांत भावतो तो तिचा देठ. जमिनीपाशी तो संपत नाही, निमुळता होत थेट वाळवीच्या घरात उतरतो. तिथे वाळवीने खाऊन, अर्धवट पचवून विष्ठेतून टाकलेल्या लाकूड-पाचोळ्याची जाळीदार पोळी असतात. त्यांवर ही बुरशी वाढते, लाकूड पचण्याजोगं करते आणि वाळवी तेच पुन्हा खाते. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये बुरशीच्या या प्रजातीला 'टर्मिटोमायसेस' नाव दिलं. पुढे १९७९ मध्ये के. नटराजन यांनी भारतातल्या एका जातीला हाइम यांचंच नाव दिलं. याच प्रजातीत नखाएवढ्या छत्र्यांची जात आहे आणि झांबियातली जवळजवळ मीटरभर रुंदीची 'टिटॅनिकस'सुद्धा.

म्हणून वरून काढलेला फोटो कितीही देखणा असला तरी मला तो अपुराच वाटतो. कॅमेरा जमिनीला टेकवा. काळपट मातीपुढे पांढरी छत्री फोटोत पार पांढरीफटक पडते, तेव्हा एक्स्पोजर थोडं कमी करा, फ्लॅश टाळा. एक फोटो पापुद्र्यांचा, एक सावकाश उकरलेल्या अखंड देठाचा, शेजारी मोजपट्टी ठेवून. एकच उकरा, वारूळ फोडू नका. ते गेलं की तिथली अळंबीही गेली.

आणि एक छत्री पापुद्रे खाली करून रात्रभर कागदावर ठेवा. बीजाणूंचा ठसा गुलाबीसर पडला तर ओळखीला बळ मिळतं. हिरवट पडला तर ती गवताळ जागी उगवणारी विषारी क्लोरोफायलम असू शकते. तिने जबर उलट्या-जुलाब होतात. पण गुलाबी ठसा इतर बुरशींचाही पडतो. तेव्हा नुसत्या फोटोवरून किंवा ठशावरून कोणतीही रानअळंबी खाऊ नका.