गव्हाणीत मनी प्लांट

मराठीत ‘बार्न’ला एक शब्द सापडत नाही. गुरं असतील तर गोठा. बीडकडे त्यालाच कोठा म्हणतात. धान्य असेल तर कोठार, घरातच बांधून काढलं असेल तर बळद, जमिनीत असेल तर पेव. कडबा तर छपराखाली आणायचाच नाही, त्याची उघड्यावर गंज. आपल्या हवेत ही कामं अशी वेगवेगळी वाटून देणं परवडत होतं. अमेरिका-युरोपातल्या थंड मुलखात बर्फ पडायच्या आत सगळंच एका छताखाली आणावं लागे. गुरं खाली, सुकं गवत वरच्या माळ्यावर, धान्य बाजूला. म्हणून बार्न उंच, म्हणून त्याचं छप्पर उतरतं, म्हणून त्याची दारं भरलेली गाडी आत जाईल एवढी.

हे आठवायचं कारण म्हणजे ‘मॉडर्न बार्न हाउस इंटिरियर आयडियाज’ या नावाखाली फोनवर वाहत येणाऱ्या रील्स. एक बघितली की पुढच्या वीस तशाच. दोन मजले उंच दिवाणखाना, छताला उघड्या लाकडी तुळया, भिंतीला पांढऱ्या आडव्या फळ्या, काळ्या चौकटींच्या खिडक्या, लोखंडी पट्टीवर सरकणारं भलंमोठं दार आणि जुन्या गव्हाणीत लावलेला मनी प्लांट. फार्महाउसचं पेव फुटलंय, असं आपण म्हणतो. (पेव फुटणं म्हणजे काय, हे पेव उघडताना पाहिलेल्यालाच नीट कळतं, आणि आता ती माणसं फार उरली नाहीत.)

या रूपाला घराघरांत नेण्यात चिप आणि जोआना गेन्स या टेक्सासमधल्या जोडप्याच्या ‘फिक्सर अप्पर’ या कार्यक्रमाचा मोठा वाटा आहे. 2013 पासून टीव्हीवर ते जुनी घरं पाडून-सावरून ‘मॉडर्न फार्महाउस’ करून देत. हौस मात्र त्यांच्याहून बरीच जुनी. 1783 च्या सुमारास फ्रान्सच्या राणीनं, मारी आंत्वानेतनं, व्हर्सायच्या बागेत स्वतःसाठी खेडं बांधायला घेतलं. भिंती जुनाट दिसाव्यात म्हणून त्यांवर भेगा रंगवल्या होत्या आणि आत सगळा राजवाड्याचा थाट. खऱ्या खेड्यातल्या माणसाला भेग रंगवावी लागत नाही.

बीड जिल्ह्यात ही हौस आली ती महामार्गानं आणि पुण्याहून. गेवराईपासून चौसाळ्यापर्यंत धुळे-सोलापूर रस्त्यानं जा, हॉटेलांच्या भिंतींवर बैलगाडीचं चाक टांगलेलं दिसेल आणि कंदिलात एलईडी. पुण्यात नोकरीला असलेली मुलं गावाकडच्या शेतात घर बांधायला काढतात, तेव्हा मिस्त्रीला हेच फोटो दाखवतात. त्यांची चेष्टा करायचा माझा विचार नाही. घर हा आयुष्यात एकदा होणारा खर्च, आणि तो करताना माणूस सुंदर काहीतरी शोधतो. पण हे फोटो बीडच्या मातीवर आणून ठेवले की त्यांतली कुठली कल्पना टिकते आणि कुठली नाही, हे कुणीतरी बघायला हवं.

सुरुवात उंचीपासून. बार्नची उंची गवतासाठी होती. गवत काढून टाकलं आणि पोकळी तेवढी ठेवली, की उरतो तो दिवाणखाना: दिसायला देखणा, गार करायला महाग. मे महिन्यात बीडचा पारा चाळिशीच्या पुढे असतो, तेव्हा एसी आधी ती सगळी पोकळी थंड करतो आणि मग तुमच्यापर्यंत पोचतो. उंच छताचा उन्हाळ्यात उपयोग होतो, पण एका अटीवर: वर चढलेल्या गरम हवेला बाहेर जायला वाट हवी. खऱ्या बार्नच्या माथ्यावर एक छोटा झरोक्यांचा मनोरा असतो तो त्याचसाठी, म्हणजे गवत दमट होऊन कुजू नये किंवा आतल्या आत तापून पेटू नये. रीलमधल्या घरांवरही तो असतो, बऱ्याचदा चारी बाजूंनी बंद. शोभेचा. आपल्या माळवदात हेच काम एक भोक करायचं. कुठे त्याला साणं म्हणतात, कुठे सवणं. चुलीचा धूर त्यातून वर जायचा, उजेडाचा खांब त्यातून खाली यायचा, पाऊस आला की कुणीतरी धावत माळवदावर जाऊन ते झाकायचं. बार्नमधून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला. छताच्या सर्वांत उंच जागी उघडझाप होणारी खिडकी. मिस्त्री म्हणेल गळेल. नीट केली तर गळत नाही.

सरकतं दार सोडून द्या. मोठं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून ते सरकतं केलं होतं. खोलीला लावलं की भोवती फट राहते, आवाज राहतो, आणि बीडची धूळ तर राहतेच. संडास-बाथरूमला ते लावणाऱ्यांबद्दल काही न बोललेलं बरं.

उघड्या तुळयांची गोष्ट मात्र लांबणार. कारण आपल्याकडे त्या होत्याच. मराठवाड्यातलं जुनं घर खणांत मोजायचे. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. पाच खणांचं माळवद म्हटलं की ऐकणाऱ्याला घर डोळ्यांसमोर दिसायचं. खांबांवर तुळया, त्यांवर आडवी लाकडं, त्यांवर फळ्या, मग मातीचा जाड थर आणि सर्वांत वर गावठाणातली पांढरी माती, जी पाणी सहजासहजी आत सोडत नाही. बार्नचा सांगाडाही असाच, खांबातुळयांचा. म्हणजे जे रूप आज परदेशी म्हणून विकत घेतलं जातं, त्याचा सख्खा भाऊ इथल्या प्रत्येक गावात उभा होता. वाड्यात तर ढाळजेतून आत आलं की माणसं आणि गुरं एकाच भिंतीच्या आत.

मग ते गेलं कुठे? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली, त्यांतली बहुतेक स्वतःच्याच घराखाली. गोलसर दगड आणि चिखलाच्या जाड भिंती, त्यांना आरपार बांधणारे लांब दगड नाहीत, आणि डोक्यावर दर पावसाळ्याआधी आणखी माती टाकून जड होत गेलेलं माळवद. भिंती फुगून कोसळल्या. पुढे तज्ज्ञांनी पाहिलं तेव्हा कित्येक घरांचा लाकडी सांगाडा मात्र उभाच होता. म्हणून दुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात सांगितलं गेलं की माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरपे आधार द्या. ऐकणाऱ्यांना मात्र एवढंच ऐकू आलं: माळवद मारतं. भीतीला जिल्ह्याच्या हद्दी नसतात. बीडमध्येही माळवदं उतरली, पत्रे आणि स्लॅब चढले. सागवानी खांब, कोरीव चौकटी कवडीमोलानं विकल्या गेल्या. आता तसलाच खांब कुणाच्या तरी दिवाणखान्यात, काहीही न पेलता उभा आहे, आणि त्याची किंमत ऐकून विकणाऱ्याला भोवळ यावी.

म्हणून ‘आपली जुनी घरं किती छान होती’ हा सूर मला लावता येत नाही. ती गार होती आणि ती कोसळली, दोन्ही खरं. पण सांगाडा उभा राहिला हेही खरं, आणि त्यातून घेण्यासारखं काही असेल तर ते त्या तिरप्या आधारांत आहे. तुळई उघडी ठेवायची तर भार पेलणारी ठेवा. स्लॅबला खालून चिकटवलेली पोकळ फायबरची तुळई म्हणजे व्हर्सायची रंगवलेली भेग.

आता भिंती आणि जमीन. ‘रस्टिक मड फिनिश’ नावाचा एक लेप बाजारात मिळतो, बोटं फिरवल्यासारखा खडबडीत. शेणानं सारवलेल्या भिंतीसारखा दिसतो, वास नसतो, पुन्हा सारवावं लागत नाही. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. सारवलेली जमीन देखणी दिसते, कारण कुणीतरी ती आठवड्याला देखणी करत असते, वाकून, हातानं, शेतातल्या कामावरून आल्यावर. बीडच्या खेड्यात घर बांधताना बायका सर्वांत आधी फरशी मागतात, तीही गुळगुळीत आणि चकचकीत. वास्तुविशारद मित्र याला अभिरुचीचा अभाव म्हणतात. ज्या पाठीनं वीस वर्षं सारवलं, तिला खडबडीत भिंतीचं कौतुक कसं असेल? ग्रामीण दिसण्याची हौस करायला त्या कामापासून थोडं लांब असावं लागतं. चकचकीत फरशी हीसुद्धा एक अभिरुचीच आहे, आणि तिच्यामागचं कारण लेपामागच्या कारणापेक्षा सच्चं आहे.

एक कौतुक करून टाकतो. ‘फार्महाउस सिंक’ म्हणून जे खोल, रुंद भांडं दाखवतात, ते मूळचं पाणी वाहून आणावं लागणाऱ्या घरातलं. नळ नव्हता, म्हणून आणलेलं पाणी त्यात साठवून धुवायचं. टँकरवर उन्हाळा काढणाऱ्या आष्टी-पाटोद्याला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण सिंक आलं आणि पाणी साठवायची बाकीची जागा रीलमध्ये कुठेच नाही. ड्रम कुठे ठेवायचे? माठ कुठे? प्यायचं, वापरायचं, गुरांचं पाणी वेगवेगळं कसं ठेवायचं? बीडमधलं स्वयंपाकघर या प्रश्नापासून आखायला लागावं.

‘बार्नडोमिनियम’ असाही एक शब्द या जगात आहे: लोखंडी सांगाड्याचं, पत्र्याचं शेड, अर्ध्यात राहणं, अर्ध्यात अवजारं. अमेरिकेत ती चैन आहे. आपल्याकडे त्याला पत्र्याचं शेड म्हणतात आणि त्यात राहणारा ‘सध्या’ राहतो, घर होईपर्यंत. शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेतून 2021 पासून गोठ्याला अनुदान मिळतं. दोन ते सहा जनावरांसाठी 7.7 मीटर लांब, 3.5 मीटर रुंद, म्हणजे 26.95 चौरस मीटर. खर्च 77,188 रुपये. शिवाय पूर्ण लांबीची गव्हाण आणि 250 लिटरची मूत्राची टाकी. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्रफळ, स्वयंपाकाची जागा धरून, 25 चौरस मीटर. मैदानी भागात मदत 1 लाख 20 हजार. एक आकडा आराखड्याचा, दुसरा किमान मर्यादेचा, त्यामुळे दोन्ही अगदी समोरासमोर ठेवणं बरोबर नाही, हे कबूल. तरी ते आकडे मला सोडत नाहीत. त्या गोठ्याच्या आराखड्यात जनावराला काय लागतं याचा विचार आहे: ते खाईल कुठे, पाणी कुठे पिईल, घाण कुठून वाहून जाईल. 25 चौरस मीटरच्या घराच्या आतल्या रचनेवर एवढ्याच गांभीर्यानं बोलणारी रील मला अजून दिसलेली नाही.

बीडमध्ये हा प्रश्न आणखी अवघड होतो, कारण इथली हजारो घरं वर्षातले पाच-सहा महिने बंद असतात. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तिकडे राहायला बांबू, पाचट आणि प्लास्टिकची कोपी, शेजारीच बैल. गुरांच्या सोबतीनं राहणं ही तिथे कल्पना नसते, रात्र असते. 2019 च्या दुष्काळात जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उभ्या राहिल्या, तेव्हाही माणसं गुरांच्या दावणीपाशीच झोपली. अशा कुटुंबानं उचलीतून दोन खोल्या बांधल्या, तर त्यांच्या इंटिरियरची अट काय असेल? घर सहा महिने कुलपात राहील. वाळवी लागू नये म्हणून लाकूड कमी. उंदीर शिरू नयेत म्हणून फटी नकोत. भिंतीतच बांधलेलं, लोखंडी दाराचं कपाट, म्हणजे आजचं बळद. मागे राहणाऱ्या म्हातारा-म्हातारीसाठी आणि शाळेसाठी थांबलेल्या नातवंडासाठी एक वेगळी, बाहेरून दार असलेली खोली. ही अट कुठल्याही व्हिलाच्या अटीपेक्षा कठीण आहे, आणि डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींसाठी मोठी संधी.

आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (1971) मळ्यावर ट्रॅक्टर येतो आणि गुरांमध्येच जगलेल्या नारबाभोवतीची जनावरं एकेक करून जातात. यादवांचा मुलूख कोल्हापूरकडचा. बीडमध्येही तेच झालं, जरा उशिरानं. नांगरट ट्रॅक्टरनं होते, बैल कमी झाले, कोठे रिकामे पडले. ते रिकामे कोठे आता काय झालेत हे बघायचं असेल तर फोन खिशात ठेवून एखाद्या गावात फिरावं. दर्शनी बाजूला नवं घर, गुळगुळीत फरशी, पीओपीचं छत. मागे कोठा. त्यात मोटारसायकल, फवारणीचा पंप, खताची पोती, सरकीचं पोतं. आणि बऱ्याच ठिकाणी आजोबांची खाट, कारण फरशीवर पाय घसरतो, पंख्याखाली अंग दुखतं आणि आत पाहुणे येतात. दावणीच्या कडीला पिशवी अडकवलेली असते. गव्हाणीच्या कठड्यावर तांब्या, चष्मा, बीपीच्या गोळ्या आणि चार्जिंगला लावलेला साधा फोन.