सूचीत कोण आहे?

कुलवृत्तांताचा जाडजूड ग्रंथ घरी आला की तो पहिल्या पानापासून कुणी वाचत नाही. आधी आपली शाखा काढायची, पणजोबा सापडतात का पाहायचे, मग मुलांची नावे बरोबर छापली आहेत ना याची खात्री करायची. आमच्या घरच्या कुलवृत्तांतात आजीच्या माहेरचे आडनाव आहे, माहेरचे नाव नाही. लग्नात ठेवलेल्या नावानेच ती तिथे आहे आणि तिच्या लेकींची ओळ त्यांच्या सासरच्या आडनावापाशी थांबते. अमेरिकेतील काउंटी-इतिहास वाचताना मला हे पान वारंवार आठवले. तेही असेच मागून, सूचीपासून वाचले जाणारे ग्रंथ. वाङ्मयप्रकार म्हणून त्यांच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. पाहायला हवे, असे मला वाटते.

काउंटी म्हणजे राज्याखालचा प्रशासकीय विभाग, ढोबळमानाने आपल्या जिल्ह्यासारखा. जमिनीची खरेदीखते, मृत्युपत्रे, विवाहाच्या नोंदी बहुधा काउंटीच्या दप्तरात असतात. त्यामुळे पूर्वजांचा माग काढणारा माणूस कधी ना कधी काउंटीपाशी येतोच. १८७६ साली स्वातंत्र्याला शंभर वर्षे झाली, तेव्हा प्रत्येक काउंटीने आणि गावाने आपला इतिहास लिहून ठेवावा, अशी शिफारस काँग्रेसने केली. व्यापारी प्रकाशकांनी तोवर मूळ धरलेल्या या प्रकाराचा पुढे मोठा धंदा केला. त्यांचे प्रतिनिधी घरोघर जात, वर्गणी गोळा करत, आणि ग्रंथात चरित्रे येत ती मुख्यतः वर्गणीदारांची. वर आणखी पैसे मोजले की कोरीव ठशावरून छापलेली तसबीरही येई. या ग्रंथांना उपहासाने ‘मग बुक’ म्हणतात, म्हणजे चेहऱ्यांची पुस्तके. तरीही संशोधक त्यांना सोडत नाहीत, कारण १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीनंतर कायमचे गेले. त्या पिढीविषयी जे छापील उरले, त्यात हे ग्रंथ आहेत.

टेनेसी राज्याचे काउंटीवार इतिहास गुडस्पीड प्रकाशनाने १८८६-८७ मध्ये काढले. त्यांतील चरित्रे एकाच साच्यातली आहेत. जन्मसाल, व्हर्जिनिया किंवा कॅरोलिनाहून आलेले वडील, बायको (म्हणजे अमक्याची मुलगी), मुलांची संख्या, एकरांत जमीन, पक्ष, चर्च, आणि शेवटी गावातील प्रतिष्ठेचे प्रशस्तिपत्र. गद्य म्हणून हे कंटाळवाणे आहे. पण वंशावळ जुळवणाऱ्याला हा साचाच उपयोगी पडतो, कारण कोणती माहिती कुठे सापडेल हे त्याला ठाऊक असते. तेव्हा साच्यावर माझा आक्षेप नाही. साच्यात बसण्यासाठी माणसाकडे आधी काय असायला हवे, हा माझा प्रश्न आहे.

राज्याच्या नैर्ऋत्येला, मिसिसिपीच्या सीमेला लागून फयेट काउंटी आहे. कापसाचा मुलूख. १८६० साली टेनेसीत पावणेतीन लाखांहून अधिक माणसे गुलामगिरीत होती आणि फयेटमध्ये तर ती निम्म्याहून जास्त होती. गुडस्पीडचे चरित्र ज्या जमिनीचे आकडे सांगते, त्या जमिनीवर राबलेली ही माणसे चरित्रात व्यक्ती म्हणून येत नाहीत. १८५० आणि १८६० च्या जनगणनेतही त्यांचा वेगळा तक्ता होता. त्यात मालकाचे नाव आणि त्याखाली एकेका माणसाचे वय, लिंग आणि वर्ण असे. त्यांची स्वतःची नावे जवळजवळ कधीच नसत. देशभरच्या कृष्णवर्णीयांची नावे जनगणनेत पहिल्यांदा लिहिली गेली ती १८७० मध्ये. त्यांचे वंशज आज शोध घेतात तेव्हा त्या सालापाशी येऊन अडतात.

मग आज अशा काउंटीचा नवा इतिहास संकलित करणाऱ्याने काय करावे? जुना ग्रंथ पुन्हा छापून मागे सर्व नावांची सूची जोडणे, हा रूढ मार्ग आहे आणि तो मोलाचा आहे. पण सूची चोख केली तरी ग्रंथात नसलेले नाव तिच्यात येणार नाही. त्यासाठी दप्तरात उतरावे लागते. मालक वारला की त्याच्या मालमत्तेची यादी होई, आणि तिच्यात खेचरे, नांगर, पलंग यांच्याबरोबर माणसे नावानिशी आणि किमतीसह लिहिली जात. मृत्युपत्रात कोण कुणाच्या वाट्याला गेले ते सापडते. १८६५ नंतर मुक्त झालेल्यांसाठी स्थापन झालेल्या ब्यूरोच्या कागदांत मजुरीचे करार आहेत, फ्रीडमन्स बँकेच्या खातेनोंदींत कधी आईबापांची आणि भावंडांचीही नावे आहेत.

इथे घाई महागात पडते. मुक्त झालेल्या प्रत्येकाने शेवटच्या मालकाचे आडनाव घेतले नव्हते. कुणी आधीच्या मालकाचे घेतले, कुणी स्वतःचे निवडले. नुसत्या आडनावावरून नाते जोडणारा संकलक एक चुकीचा पूर्वज छापतो, आणि छापलेली चूक पुढच्या दहा वंशावळींत उतरते. म्हणून प्रत्येक नोंदीपाशी आधार काय, हे लिहिलेच पाहिजे आणि जिथे तर्क आहे तिथे ‘तर्क’ असा शब्दही हवा.

याहून कठीण प्रश्न फयेटच्याच इतिहासात आहे. १९५९-६० मध्ये इथल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी मतदार म्हणून नावे नोंदवायला सुरुवात केली. ज्यांनी नोंदवली त्यांची यादी गोऱ्या व्यापाऱ्यांत आणि जमीनदारांत फिरली. दुकानदारांनी माल देणे बंद केले, वाट्याने जमीन कसणाऱ्या कुटुंबांना घरे सोडायला लावली आणि १९६० च्या हिवाळ्यात कित्येक कुटुंबे तंबूंत राहिली. त्या वस्तीला ‘टेंट सिटी’ हेच नाव पडले. शंभर वर्षांपूर्वी ज्यांच्या पूर्वजांचे नाव लिहिले जात नव्हते, त्यांचे नाव आता लिहिले गेले ते त्यांना उपाशी ठेवण्यासाठी. वंशज शोधणाऱ्याला मात्र हीच यादी अमूल्य आहे. ती छापावी का?

माझे मत, छापावी. पण यादीच्या माथ्यावर ती कुणी केली आणि कशासाठी केली, हे छापून. मालमत्तेची यादी वारसांमध्ये वाटणी करण्यासाठी, वर्गणीदारांची चरित्रे ग्रंथ खपवण्यासाठी, बहिष्काराची यादी धाक बसवण्यासाठी. हेतू पुसून नुसती नावे अकारविल्हे लावली की मालक, माल आणि मतदार एकाच रांगेत शहाण्यासारखे उभे राहतात, आणि वाचकाला वाटते की हा तटस्थ संदर्भग्रंथ आहे. काउंटी-इतिहासाची समीक्षा करायची तर मी सूचीची पाने मोजणार नाही. नाव कुणाच्या हातून कागदावर आले, हे ग्रंथ सांगतो का, एवढेच पाहीन. या कसोटीवर गुडस्पीड उतरत नाही, आणि आपले कित्येक कुलवृत्तांतही उतरणार नाहीत.

आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे. माहितीचा तक्ता भरून पाठवायचा होता. आजीच्या नावापुढे मी तिचे माहेरचे नाव लिहिले. ते कुणाकडून कळले, यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. म्हणून समासात लिहिले: तिच्या धाकट्या बहिणीकडून.