नृत्यसंगीताचे जुने घर

मुलांच्या कानांत काय वाजते हे जाणू इच्छिणाऱ्या पालकांनी बियॉन्से या अमेरिकन गायिकेचा 'रेनेसान्स' (२०२२) हा गीतसंग्रह सलग ऐकावा. 'सलग' हा शब्द मुद्दाम योजला आहे. यातील पुष्कळशी गीते मध्ये श्वासही न घेता एकमेकांत मिसळतात.

या संगीताचे मूळ शिकागोत आहे. १९७७ साली तेथे 'वेअरहाऊस' हे नृत्यगृह उघडले आणि फ्रँकी नकल्स तेथे तबकड्या वाजवू लागला. 'हाऊस' ही संज्ञा त्या जागेवरूनच आली, असे मानतात. तेथे येणारे बहुतांशी कृष्णवर्णीय समलिंगी तरुण होते. अन्यत्र त्यांना दारे बंद होती. त्यांत मंदिरांची दारे किती होती, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

म्हणूनच 'चर्च गर्ल' हे गीत मला महत्त्वाचे वाटते. त्याचा आरंभच क्लार्क सिस्टर्स या गॉस्पेल गायिकांच्या भक्तिगीताने होतो. पुढे ताल उसळतो, शब्द उच्छृंखल होतात. अनेकांना हा अधर्म वाटेल. माझी तक्रार निराळी आहे: एवढा थोर स्वर केवळ रंगापुरता वापरला, त्याला तोलामोलाचे उत्तर गीतात मिळत नाही.

काही गीतांची भाषा लहानांसमोर लावण्याजोगी नाही. 'ब्रेक माय सोल'पासून आरंभ करावा. नोकरीने पिचलेल्यांचे ते गाणे आहे. अखेरच्या गीतात डॉना समरच्या १९७७ सालच्या 'आय फील लव्ह'ची धून येते. तेही मूळातून ऐकावे. तीसुद्धा बॉस्टनच्या एका चर्चमध्येच गाऊ लागली होती.