सलमाबादेत 'सौभद्र'

तेल अवीव-मनामा थेट विमान सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाले, म्हणून पुढच्या हिवाळ्यात बहरीनला माझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडे जाणे घडले. तिने मला सलमाबादेत, गॅरेजांच्या गल्ल्या ओलांडून, एका क्लबात नेले. तिथे हौशी मराठी मंडळींचे 'संगीत सौभद्र' होते.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे हे नाटक १८८२ चे. पूर्वी असली नाटके रात्र रात्र चालत. इथे दोन तासांत आटोपले. काटछाट समजू शकते, सकाळी सर्वांना कामावर जायचे असते. पण ऑर्गन-तबल्याऐवजी मुद्रित संगीत लावले, हे खटकले. नाट्यपद गाणारा रंगला की तान वाढवतो, वन्स मोअर आला की पद पुन्हा उचलतो. यंत्र कोणासाठी थांबत नाही. सुभद्रेने जरा आलाप घेतला, तोवर संगीत पुढे निघून गेले आणि बिचारी मागे धावत सुटली.

तिचा 'ळ' मात्र स्वच्छ! मुलगी तिथेच जन्मलेली. पदे रोमन लिपीत लिहून पाठ केली, असे नंतर कळले. मी जन्मभर मास्तरकी केली, आणि माझ्या नातवंडांना 'आजी, पाणी दे' यापलीकडे मराठी येत नाही.

शेजारच्या केरळी गृहस्थांना मी हळूच सांगत होते, "हा संन्यासी म्हणजे अर्जुन, बलरामाला ठाऊक नाही."

"कृष्णाला ठाऊक आहे ना? मग ठीक," ते म्हणाले.

आपल्या कीर्तनात पेटी अजून माणूसच वाजवतो. त्या मंडळींनीही एक पेटीवाला शोधावा. तबला नसला तरी चालेल.