आज्ञाधारक नायक आणि असहमत खेळाडू : ‘बायोशॉक’च्या आस्वादाचा प्रश्न

एखाद्या साहित्यकृतीविषयी दोन वाचकांची मते परस्परविरुद्ध असली, तर समीक्षा त्या विरोधाचा विचार सहसा एका गृहीतकाच्या आधारे करते. दोघांपुढील संहिता एकच आहे, हे ते गृहीतक. वाचकांचे संस्कार निराळे असतील, अपेक्षा निराळ्या असतील. परंतु पानावरची शब्दयोजना दोघांनाही सारखीच उपलब्ध असते. वोल्फगांग ईझरने वाचकाला अर्थनिर्मितीत मोठा वाटा दिला, तरी त्याच्या विवेचनातील रिक्त जागा सर्व वाचकांसाठी त्याच ठिकाणी असतात. स्टॅन्ली फिशने तर अर्थाचे स्वामित्वच वाचकसमूहाकडे सोपविले. तथापि त्या समूहाला मजकूर पुढे सरकावा म्हणून पान उलटण्यापलीकडे काही करावे लागत नाही. एस्पेन आर्सेथने १९९७ साली ‘सायबरटेक्स्ट’ या ग्रंथात ज्या संहितांकडे लक्ष वेधले, त्यांत वाचकाची कृती हीच संहितेचा पुढचा भाग ठरविते. कथाप्रधान व्हिडिओ गेम हा अशा संहितांचा आज सर्वाधिक प्रसृत झालेला प्रकार होय. त्याच्याविषयीचे मतभेद नेमके कशाविषयी असतात, या प्रश्नाचा विचार एका गाजलेल्या उदाहरणाच्या आधारे करता येईल.

ते उदाहरण म्हणजे ऑगस्ट २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘बायोशॉक’. लेखक व दिग्दर्शक केन लेव्हिन आणि इर्रॅशनल गेम्स ही अमेरिकी संस्था (त्या काळात ती २के बोस्टन या नावाने काम करीत होती) यांची ही निर्मिती. प्रकार ‘फर्स्ट पर्सन शूटर’, म्हणजे खेळाडूला नायकाच्या डोळ्यांनी जग दिसते आणि पडद्याच्या खालच्या कडेशी त्याचे शस्त्र धरलेले हात दिसतात. काळ १९६०. जॅक नावाच्या नायकाचे विमान अटलांटिक महासागरात कोसळते आणि तो समुद्रतळाशी वसविलेल्या रॅप्चर या नगरीत पोहोचतो. अँड्र्यू रायन या उद्योगपतीने शासन, धर्म आणि परोपकार यांच्या जाचातून मुक्त अशी ही नगरी उभारलेली असते. नायक येतो तेव्हा तिचे अवशेष उरलेले असतात. अ‍ॅटलस नावाचा एक माणूस बिनतारी यंत्रावरून नायकाशी बोलतो, आपल्या बायकामुलाला वाचविण्याची गळ घालतो आणि पुढची वाट दाखवीत राहतो. रायन या नावातील अक्षरांची उलटापालट आणि अ‍ॅटलस हे नाव यांतून आयन रँड आणि तिची १९५७ ची कादंबरी यांच्याकडे केलेला निर्देश पुरेसा उघड आहे.

खेळाडूंच्या तक्रारींपैकी काहींचा उलगडा जुन्याच परिभाषेत होतो. याच लेव्हिनने १९९९ सालच्या ‘सिस्टम शॉक २’ची रचना केली होती. तो खेळ ज्यांच्या अंगवळणी पडला होता त्यांना नव्या कृतीत सामानाची मर्यादा, कौशल्यांची निवड, चुकीची किंमत हे सारे सौम्य झालेले आढळले. त्या पूर्वेतिहासाविना आलेल्यांना हीच कृती विलक्षण समृद्ध वाटली. हान्स रॉबर्ट याउसच्या अपेक्षाक्षितिजाच्या संकल्पनेत हा भेद सहज बसतो, म्हणून त्यावर अधिक रेंगाळण्याचे कारण नाही. राजकीय अर्थाविषयीचा वादही कादंबरीच्या वाचकांना अनोळखी वाटू नये. रॅप्चरचा विनाश हे रँडप्रणीत व्यक्तिवादाचे खंडन आहे असे एक गट मानतो. दुसरा गट असे दाखवून देतो, की रायनने फ्रँक फाँटेन या प्रतिस्पर्ध्याचा उद्योग बळाने ताब्यात घेतला त्याच दिवशी त्याने स्वतःच्या तत्त्वाशी द्रोह केला. तेव्हा नगरी बुडाली ती तत्त्वच्युतीमुळे.

हा दुसरा गट ज्या आधारावर बोलतो तो आधार मात्र सर्व खेळाडूंपाशी नसतो, आणि येथून प्रश्नाचे स्वरूप पालटते. रॅप्चरचा पूर्वेतिहास प्रामुख्याने नगरीत विखुरलेल्या ध्वनिमुद्रित रोजनिशींमधून कळतो. त्या शोधाव्या लागतात आणि ऐकाव्या लागतात. न ऐकताही खेळ पूर्ण होतो. मृत्यूनंतर नायकाला पुन्हा जिवंत करणारे ‘व्हिटा-चेंबर’ हे यंत्र घ्या. नायक मरतो, जवळच्या यंत्रातून लगेच बाहेर येतो, आणि ज्या शत्रूला त्याने अर्धमेला केलेले असते तो अर्धमेलाच राहिलेला असतो. यामुळे भीतीच नाहीशी झाली, हा आक्षेप इतका व्यापक होता की निर्मात्यांनी पुढे ही यंत्रे बंद करण्याची सोय दिली. परंतु ज्याने रोजनिशी लक्षपूर्वक ऐकली त्याला ठाऊक असते, की ही यंत्रे रायनच्या जनुकांशी जुळविलेली आहेत. मग ती या परक्या माणसासाठी का चालावीत, हा प्रश्न त्याला अस्वस्थ करू लागतो. जॅक हा रायनचाच मुलगा आहे, या पुढे उघड होणाऱ्या सत्याची ती पूर्वसूचना असते. एकाला जी रचनेतली हयगय वाटते, ती दुसऱ्यासाठी कथेतील सूचक खूण ठरते. दोघांचे अर्थनिर्णयन निराळे आहे असे येथे म्हणता येत नाही, कारण दोघांना मिळालेला मजकूरच निराळा आहे. आणि तो निराळा होण्याचे कारण त्यांचे आचरण.

आचरणाचा हा मुद्दा सर्वाधिक तीव्र होतो तो ‘लिटल सिस्टर’ या लहान मुलींच्या संदर्भात. रॅप्चरमध्ये ‘अ‍ॅडम’ नावाचे द्रव्य हेच खरे चलन आहे. ते शरीरात जनुकीय शक्ती निर्माण करते, आणि ते या मुलींच्या देहात साठविलेले आहे. संरक्षक असुराला मारल्यावर खेळाडूपुढे दोन पर्याय येतात : मुलीचा जीव घेऊन १६० अ‍ॅडम मिळविणे, किंवा तिला मुक्त करून ८० वर समाधान मानणे. प्रथमदर्शनी ही करुणा आणि स्वार्थ यांची कठोर परीक्षा भासते. परंतु दर तीन मुली मुक्त केल्यावर त्यांची निर्माती टेनेनबाउम २०० अ‍ॅडमची भेट पाठविते, आणि तिच्यासोबत इतरत्र न मिळणारी काही साधनेही. हिशेब असा होतो : तीन हत्यांचे ४८०, तीन सुटकांचे ४४०. चाळिसाचा फरक आणि वर भेटवस्तू. त्याग असा उरतच नाही.

या हिशेबाने खेळाडूंमध्ये जी फूट पाडली ती उद्बोधक आहे. पहिल्या मुलीपुढे बराच वेळ थबकलेल्या खेळाडूला हा प्रसंग त्या खेळाचे नैतिक केंद्र वाटतो. आकडे जाणणाऱ्याला तो देखावा वाटतो. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या सात विघ्नांत ‘निजसुखादिविवशीभाव’ गणले आहे. प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखात गुंतला, तर त्याला रंगमंचावरील भावाचे साधारणीकरण साधत नाही. नाट्यगृहातील प्रेक्षकाला या विघ्नापासून दूर ठेवणे शक्य असते, कारण दुष्यंताच्या नफ्यातोट्याशी त्याचा संबंध नसतो. ‘बायोशॉक’च्या खेळाडूला मात्र पुढच्या दालनात टिकून राहायचे आहे. निजसुखाची चिंता हे येथे बाहेरून आलेले विघ्न नसून खेळाची पूर्वअट आहे, आणि मुलीविषयीची करुणा त्या चिंतेच्या पोटातच जन्मावी अशी कृतीची अपेक्षा आहे. हे धाडस मोठे आहे. ते अंशतः फसले आहे, कारण निर्मात्यांनी करुणेलाही मोबदला देऊन ठेवला. ज्या खेळाडूंना भेटीची कल्पना नव्हती त्यांनीच पहिल्या दोन-तीन मुलींच्या वेळी काही गमावले, एवढेच म्हणता येते. साहजिकच या प्रसंगाची सर्वांत उत्कट स्तुती त्यांच्याकडून येते, आणि त्या स्तुतीला अजाण म्हणण्याचे कारण नाही.

क्लिंट हॉकिंग या दुसऱ्या खेळरचनाकाराने ऑक्टोबर २००७ मध्ये लिहिलेल्या टिपणाने या असंतोषाला सैद्धांतिक रूप दिले आणि ‘ल्यूडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ ही संज्ञा रूढ केली. क्रीडा-कथन-विसंवाद असे तिला मराठीत म्हणता येईल. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा : खेळाचे नियम स्वार्थाचा मार्ग खेळाडूपुढे ठेवतात आणि तो स्वीकारायचा की नाही हे ठरविण्याची मुभा देतात, कथा मात्र अ‍ॅटलसला साहाय्य करण्याचा, म्हणजे परहिताचा, मार्ग लादते आणि तेथे मुभा देत नाही. ज्याने नियमांच्या पातळीवर स्वार्थ पत्करला त्याने एका परक्याच्या कुटुंबासाठी जीव धोक्यात का घालावा?

यावर जे उत्तर अनेक खेळाडू देतात ते कथेच्या मध्यावरील रहस्योद्घाटनातून घेतलेले आहे. अ‍ॅटलसच्या सूचनांत एक सौजन्यदर्शक शब्दप्रयोग वारंवार येतो. ‘कृपा करून अमुक करशील का’ अशा धर्तीचा तो आहे, आणि कानाला इतका परिचित की तो खटकत नाही. रायनच्या दालनात पोहोचल्यावर कळते, की या शब्दांना आज्ञा मानण्याचा संस्कार जॅकच्या मनावर जन्मापासून कोरलेला आहे. विमानाचा अपघातही त्यानेच अशा आज्ञेवरून घडविला होता. आणि अ‍ॅटलस म्हणजे मृत समजला गेलेला फाँटेनच. विनंतीच्या आवरणाखाली आज्ञार्थ दडलेला होता. तेव्हा मुभा नव्हती हा दोष कसा, तोच तर कृतीचा आशय, असे समर्थक म्हणतात. नेमबाजीच्या खेळात बिनतारी यंत्रावरील आवाज सांगेल तिकडे जायचे, हा या प्रकाराचा प्रघात. कोणी त्याची कारणे विचारीत नाही. ‘बायोशॉक’ने त्या प्रघातालाच कथावस्तू केले, हे समर्थकांचे म्हणणे ग्राह्य मानावेच लागते.

परंतु प्रसंगाचे बारकाईने अवलोकन केले तर समर्थन अपुरे पडते. रायन स्वतःच्या मुलाला आज्ञा देऊन स्वतःलाच मारावयास लावतो. गोल्फच्या काठीचे ते घाव घातले जात असताना नियंत्रण खेळाडूच्या हातून काढून घेतलेले असते. तो केवळ पाहतो. येथवर रूप आणि आशय यांचे ऐक्य निर्दोष आहे. नंतर नियंत्रण परत मिळते. अ‍ॅटलस पुन्हा तेच सौजन्याचे शब्द उच्चारून रायनजवळची कळ यंत्रात घालावयास सांगतो, आणि ती कळ खेळाडूने स्वतःच्या हाताने, सारे ठाऊक असताना, घालावयाची असते. दुसरे काही करणे शक्य नाही. ज्या क्षणी कृतीने आज्ञापालनाची नाचक्की केली, त्याच्या पुढच्याच क्षणी ती खेळाडूकडून आज्ञापालन मागते. काही खेळाडूंना हाच क्षण सर्वांत भेदक वाटतो, कारण दास्याची जाणीव झाल्याने दास्य संपत नाही हे तेथे प्रत्ययास येते. इतरांना तो फसवणूक वाटतो. पुढील कथाभागात याचा काही परिणाम दिसला असता, तर पहिल्या गटाची बाजू वरचढ ठरली असती.

तसे घडत नाही. टेनेनबाउम जॅकचा संस्कार पुसण्याची व्यवस्था करते आणि कथेच्या दृष्टीने तो स्वतंत्र होतो. त्यानंतर तो तिच्या सूचनांनुसार औषध शोधतो, तिच्या सूचनांनुसार संरक्षक असुराचा पोशाख जमवितो, आणि शेवटी फाँटेनशी झुंजतो. आवाज बदलला, रचना तीच राहिली. शेवटचा तृतीयांश भाग रेंगाळतो ही तक्रार बहुधा कंटाळ्याच्या भाषेत केली जाते, आणि म्हणून समर्थक तिला उथळ ठरवितात. वस्तुतः या तक्रारीत कृतीचे अधिक काटेकोर वाचन आहे. मध्यावर कृतीने जे शिकविले ते या खेळाडूंनी गांभीर्याने घेतले, आणि तोच निकष त्यांनी उत्तरार्धाला लावला. स्वातंत्र्य मिळाले असे कथा म्हणते, आणि बोटांना ते कोठेही जाणवत नाही. हॉकिंगचा विसंवाद पूर्वार्धात समर्थनीय ठरतो, उत्तरार्धात नाही. त्याच्या आक्षेपाचे खंडन करणाऱ्यांनी आणि तो उचलून धरणाऱ्यांनी हा भेद क्वचितच केला आहे.

अंतिम दृश्यांत तर मतभेदाला मोजमापच मिळते. मुलींना मुक्त केले असेल तर जॅक त्यांच्या सहवासात आयुष्य घालवितो आणि वृद्धापकाळी त्यांचे हात त्याच्या हातावर असतात; त्यांचे जीव घेतले असतील तर तो रॅप्चरची सत्ता बळकावतो आणि त्याचे अनुचर समुद्रपृष्ठावर येऊन एका पाणबुडीवर तुटून पडतात. काहींचे जीव घेऊन नंतर हात आवरलेला, पश्चात्ताप झालेला खेळाडू कोठे बसतो? त्याच्यासाठी तिसरे दृश्य नाही. त्याला दुसरेच दृश्य दाखविले जाते, चित्रे तीच; टेनेनबाउमचे निवेदन तेवढे संतापाऐवजी खिन्न स्वरात ऐकू येते.